ओनरशिपचा ब्लॉक

मे महिन्यात आमच्या गणपतीपुळ्याच्या वाहनतळावर उभं राहून गाड्यांचे नंबर वाचण्याचा मला छंद आहे. (निवृत्त शिक्षकाला छंद लागायला काही फार लागत नाही!) एमएच-०८ म्हणजे आमची रत्नागिरी, ०९ कोल्हापूर, १२ पुणे. ही मंडळी दर्शन घेतात, समुद्रात पाय भिजवतात, मोदक खातात आणि संध्याकाळी परततात. पण एमएच-०५ची, म्हणजे कल्याणची, गाडी दिसली की समजावं, हे पाहुणे नव्हेत. दर्शन आटोपलं की ही गाडी मालगुंडला, वरवड्याला, नेवऱ्याला नाहीतर चाफ्याला कुठल्या तरी पाणंदीत शिरते, कुलूप काढलं जातं, खळ्यातला पाला झाडला जातो. बोलता बोलता विचारलं, "तुम्ही कुठले?" तर उत्तर ठरलेलं... "मूळचे इथलेच हो, पण डोंबिवलीला असतो."

या "पण डोंबिवलीला असतो"मधला "पण" मला नेहमी खटकतो. जणू काही चूकच झाली. डोंबिवलीची थट्टा आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. गर्दी, डास, पाणी, लोकलला लटकलेली माणसं. २००५ साली 'डोंबिवली फास्ट' नावाचा सिनेमा आला आणि ती थट्टा पडद्यावर कायमची कोरली गेली. माझ्या पुतण्यानेही परवा विचारलं, "आत्या, बाबांनी त्या काळात दादरला नाहीतर पार्ल्याला का नाही घेतलं? आज आपण कुठच्या कुठे असतो!" त्याला फोनवर सांगण्यासारखं उत्तर नव्हतं, कारण ते उत्तर जवळजवळ शंभर वर्षं मागे जातं. म्हणून हे लिहायला बसले. थोडा इतिहासाचा तास होईल, सवय जात नाही. सांभाळून घ्या.

माझं म्हणणं थोडक्यात एवढंच आहे की, डोंबिवलीतल्या त्या दोन खोल्या ही आमच्या भागातल्या पुष्कळ कुटुंबांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर विकत घेतलेली वास्तू होती. त्याआधी गावात जे घर होतं ते वाडवडिलांचं, चार भावांचं, आणि मुंबईत जी खोली होती ती मालकाची.

सुरुवात मालगुंडपासूनच करते, कारण ते माझं माहेर. आमच्या शाळेत केशवसुतांची जयंती दरवर्षी व्हायची. १८६६ साली मालगुंडला जन्मलेला हा माणूस, आमच्याच पेशातला, शाळामास्तर. काही वर्षं मुंबईत काढली, पण १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे त्यांनी मुंबई सोडली. खानदेशात भडगाव, फैजपूर अशी मास्तरकी केली, नंतर धारवाडला गेले आणि १९०५ साली हुबळीला प्लेगनेच गेले. एकोणचाळीस वर्षांचं आयुष्य, आणि ते भाड्याच्या बिऱ्हाडांत. मुलांना मी हे सांगायची तेव्हा मुलं कवितेकडे पाहायची, मी मात्र त्या बिऱ्हाडांकडे.

प्लेग म्हटलं की शालेय पुस्तकात पुणे येतं, २२ जून १८९७, रँड आणि चापेकर बंधू. ते यायलाच हवं. पण त्याच प्लेगने मुंबईचं काय केलं हे पुस्तकात नसतं. मांडवी भागातल्या दाट वस्तीत रोग पसरला तेव्हा सरकारला जाग आली की हवा-उजेड नसलेल्या चाळींत माणसं कोंबल्याचा हा परिणाम आहे. १८९८ साली 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. त्याने जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट ही त्याचीच कामं. आणि उत्तरेला दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर आखीव वसाहती बसवल्या. आज ज्या दादरच्या हिंदू कॉलनीचं नाव ऐकून आपण मान डोलावतो, ती एके काळी "लांब, शेताबिताकडे" म्हणून नाकं मुरडण्याची जागा होती बरं का. म्हणजे पुतण्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आलं. दादर हीसुद्धा कधी काळची डोंबिवलीच.

मात्र फरक असा की तिथे घेणारे वेगळे होते. ट्रस्टचे भूखंड घेऊन इमारत बांधायची तर हातात भांडवल हवं. त्या काळी घर घेणं म्हणजे आख्खी इमारत घेणं. एका मजल्यावरच्या दोन खोल्या तेवढ्या विकत घेता येतात ही कल्पनाच नव्हती. बाकीचे सगळे भाडेकरू. याला पहिला मोठा छेद दिला तो चित्रापूर सारस्वत मंडळींनी. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवीला सारस्वत सहकारी गृहसंस्था सुरू झाली. सहकारी गृहनिर्माणाचा इतिहास लिहिताना या संस्थेपासूनच सुरुवात करावी लागते. प्रत्येकाने थोडे थोडे पैसे घालायचे आणि इमारत सर्वांची. किती साधी आणि किती मोठी गोष्ट! पण हेही म्हटलं पाहिजे की अशा संस्था तेव्हा आपापल्या ज्ञातीच्या असत. ज्या ज्ञातीत शिकलेले, पगारदार, एकमेकांना जामीन राहणारे लोक होते त्यांना ते जमलं. आमच्या वाडीतला गिरणीत साचा चालवणारा कुणबी किंवा गोदीतला हमाल कुठल्या संस्थेत जाणार? त्याच्यासाठी सरकारने १९२०नंतर बीडीडी चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी, आणि एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्याही भाड्याच्या.

आमच्या भागातल्या पुरुषांचं मुंबईतलं घर म्हणजे बहुतेक वेळा गावकऱ्यांची खोली. गिरगावात, परळला, लालबागला. गावाच्या मंडळाने धरलेली एक खोली, भिंतीला ओळीने ट्रंका, वर दोरीवर कपडे, आणि पाळ्यांप्रमाणे झोपणारे वीस-वीस बाप्ये. जेवण खानावळीत. बायका-मुलं गावाला, महिन्याला मनीऑर्डर. हे मी वाङ्मयीन म्हणून सांगत नाहीये, शिरगणतीत सापडतं. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया किती, या हिशेबात रत्नागिरी जिल्हा राज्यात वर्षानुवर्षं पहिला. २००१ साली ११३६, २०११ साली ११२२. वर्गात हा आकडा सांगितला की शहरातून बदलून आलेले नवे शिक्षक कौतुकाने म्हणायचे, "वा, इथे मुलींना किती मान!" मी म्हणायची, मान असेलही, पण मुख्य म्हणजे पुरुष मुंबईला आहेत.

आता माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची गोष्ट. तो १९५९ साली मॅट्रिक होऊन जयगडच्या बंदरातून बोटीने मुंबईला गेला. खपाटीच्या ट्रंकेत दोन धोतरं, आमसुलं आणि मामांच्या नावाची चिठ्ठी. गिरगावातल्या गावकऱ्यांच्या खोलीत राहिला, एका कंपनीत कारकून म्हणून चिकटला. १९६९ला लग्न झालं. आता वहिनीला त्या खोलीत नेणार कुठे?

मुंबईत भाड्याची खोली मिळणं तोवर अशक्य झालं होतं, आणि त्यालाही कायदा कारण. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या महागाईत भाडेकरू वाचला हे खरं. पण मग मालक नवीन चाळ कशाला बांधेल? जुनीची डागडुजी तरी कशाला करेल? ज्याच्याकडे खोली होती त्याने ती मरेपर्यंत धरून ठेवली, आणि सोडायचीच झाली तर पागडी. पागडीची रक्कम काळ्या पैशात, पावती नाही. कारकुनाकडे कुठला काळा पैसा? त्याचा पगार सगळा पांढरा आणि तोही वीस तारखेपर्यंतच.

अण्णाने अकरा महिन्यांच्या करारावर कोणाची तरी एक खोली घेतली, करार दोनदा वाढवला, आणि १९७२च्या दिवाळीत त्याला ती रिकामी करावी लागली. पुढे तीनच महिन्यांत गंमत झाली, गंमत म्हणजे नशिबाची थट्टा. राज्य सरकारने कायद्यात दुरुस्ती केली की १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो अशा करारावर राहत असेल त्याला भाडेकरूचं संरक्षण. जे राहत होते ते तरले. अण्णा तीन महिन्यांनी हुकला. आणि या कायद्याची धास्ती घेऊन त्यानंतर कोणी अकरा महिन्यांवरही खोली देईना. अण्णा परत गावकऱ्यांच्या खोलीत ट्रंक घेऊन, आणि वहिनी दीड वर्षाच्या पुतण्याला कडेवर घेऊन मालगुंडला आमच्या घरी. ती पुढे साडेतीन वर्षं तिथेच राहिली. त्या वर्षांत मी तिला पोस्टमनची वाट बघताना पाहिलेलं आहे. तेव्हा मी बी.ए. करून नुकती नोकरीला लागले होते. एकदा ती मला म्हणाली होती, "वन्सं, मला मोठं घर नको. दार लावून घेता येईल एवढं हवं."

म्हणून डोंबिवली.

डोंबिवलीच का, हेही पाहण्यासारखं आहे. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली हे सगळ्यांना पाठ असतं. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ला, ती लाईन कल्याणपर्यंत गेली. म्हणजे डोंबिवलीच्या भातशेतांतून रेल्वे धावायला लागली तेव्हा तिथे शहर नव्हतंच. आगरी समाजाची गावं, खाडी, खाजणं, भाताची खाचरं. व्ही.टी.पासून सुमारे ४८ किलोमीटर. शंभर वर्षं हे अंतर फार होतं. मग गिरगाव-दादर भरलं, मुलुंड-ठाणं भरत आलं, आणि रेल्वेचा मासिक पास मात्र स्वस्तच राहिला. कारकुनाचा हिशेब सोपा असतो. जमीन लांब गेली की स्वस्त होते, आणि पास असला की लांबचं अंतर पैशात मोजावं लागत नाही, फक्त वेळात मोजावं लागतं. वेळाची किंमत तेव्हा कोणी धरत नसे. ती पुढे अण्णाने भरली, रोजचे तीन तास, सत्तावीस वर्षं.

आणि दुसरं कारण कायद्याचं. १९६० साली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आला आणि १९६३ साली ज्याला सगळे 'मोफा' म्हणतात तो मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा. माझ्या मते मराठी मध्यमवर्गाच्या इतिहासात या १९६३च्या कायद्याला एक धडा द्यायला हवा होता, पण कायद्यांवर कोणी पोवाडे रचत नाही. या कायद्याने सांगितलं की बिल्डरने जमिनीची कागदपत्रं आणि मंजूर नकाशा दाखवला पाहिजे, लेखी करार करून त्याची नोंदणी केली पाहिजे, करार होण्याआधी किमतीच्या एक-पंचमांशाहून जास्त पैसे घेता कामा नयेत, आणि इमारत झाली की घेणाऱ्यांची संस्था स्थापून जमिनीसह सगळी मालकी तिच्या नावावर करून दिली पाहिजे. म्हणजे तालमकींनी ज्ञातीच्या विश्वासावर जे केलं ते आता अनोळखी बारा माणसांना कायद्याच्या विश्वासावर करता येणार होतं. एका मजल्यावर कोकणस्थ, सारस्वत, कुणबी, भंडारी, एखादा गुजराथी. 'ओनरशिपचा ब्लॉक' हा शब्द तेव्हाच घरोघरी गेला. फ्लॅट म्हणायची पद्धत नंतरची.

अण्णाचा ब्लॉक १९७४ सालचा. ३४० चौरस फूट, एक खोली, स्वैपाकघर, आणि (हे वहिनी अजून अभिमानाने सांगते) संडास घरात. किंमत १७ हजार रुपये. बिल्डर म्हणाला, पाच हजार आत्ता रोख द्या, करार सावकाश करू. अण्णाच्या कचेरीतल्या हेडक्लार्कनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, एक-पंचमांश म्हणजे ३४००, त्याच्यावर एक पैसा देऊ नकोस, आणि कल्याणला जाऊन नोंदणी झाल्याशिवाय तेही देऊ नकोस. त्या भल्या माणसाचं नाव मला ठाऊक नाही याचं वाईट वाटतं.

सतरा हजार आणायचे कुठून? आज गृहकर्जाच्या जाहिराती रस्त्यात आडव्या येतात, पण एचडीएफसी स्थापन झाली ती १९७७ साली. त्याआधी पगारदार माणसाला घरासाठी कर्ज म्हणजे ऑफिस, पतपेढी आणि नातेवाईक. हिशेबाचा कागद वहिनीने जपलाय, त्यातून उतरवून घेते. प्रॉव्हिडंट फंडातून ६०००. पतपेढीचं कर्ज ५०००. तात्यांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, हापूसची कलमं दोन वर्षांच्या कराराने व्यापाऱ्याला दिली त्याचे २५००. आईच्या पाटल्या मोडल्या, २३००. आणि वहिनीने भिशीत साठवलेले १२००. बेरीज करून पाहा, बरोबर येते.

करारावर नाव कोणाचं, यावर आमच्या ओटीवर वाद झाला तो मी ऐकलेला आहे. अण्णा सुट्टीला आला होता. त्याने सांगितलं, दोघांचं घालतोय. तात्या म्हणाले, "बाईमाणसाचं नाव कशाला कागदावर? उद्या कचेऱ्यांत खेटे घालायला लागले तर?" वहिनी माजघरात, आवाज नाही. आई तात्यांशी थेट वाद घालत नसे. ती अण्णाकडे वळून म्हणाली, "त्यात माझ्या पाटल्या आहेत. तिचं नाव घाल." एवढंच. तात्यांनी सुपारी कातरायला घेतली, म्हणजे विषय संपला.

आता याला पार्श्वभूमी अशी की नाव कागदावर असण्या-नसण्याचा अनुभव आमच्या भागाने नुकताच घेतला होता. १९४९च्या कायद्याने खोती गेली. १ एप्रिल १९५७च्या कृषकदिनापासून कसणारं कूळ मालक होऊ लागलं. पिढ्यान् पिढ्या कसूनही ज्यांचं नाव कधी कागदावर नव्हतं त्यांचं नाव लागलं, आणि ज्यांना वाटत होतं की कागद आपल्याच घरी जन्मलाय त्यांचं गेलं. दोन्ही बाजूंनी गाव हादरलं. तरी गावच्या घराचं काय? मालगुंडच्या आमच्या घराच्या सातबाऱ्यावर आज तेवीस नावं आहेत. (त्यात एक माझं. बायकांची नावं लागायला लागली हे चांगलंच झालं, पण घराच्या कौलांसाठी पैसे काढायची वेळ आली की तेविसांतली वीस नावं फोन उचलत नाहीत.) असं घर विकता येत नाही, त्यावर कर्ज मिळत नाही आणि एकट्याच्या मनाने खिडकीसुद्धा पाडता येत नाही. ते आपलं असतं, पण आपल्या मालकीचं नसतं.

ताबा १९७४च्या दसऱ्याला मिळणार होता, मिळाला १९७६च्या मे महिन्यात. दर पावसाळ्यानंतर नवीन तारीख. कधी सिमेंट मिळत नाही (ते खरंच परमिटवर मिळायचं), कधी पाण्याचं कनेक्शन नाही. पतपेढीचा हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून. शेवटी एकदाचं वहिनीचं बिऱ्हाड एस.टी.ने निघालं. पाटा-वरवंटा, तांदळाचं पोतं, कुळीथ, आणि पुतण्या पाच वर्षांचा.

तात्या त्या दिवाळीत जाऊन आले. परत आल्यावर गावात सगळे विचारायला जमले. ते म्हणाले, "आपली पडवी याहून मोठी आहे. पण तिथे वरच्या मजल्यावर कोण चालतोय हे ऐकून पोराला झोप लागते." कौतुक होतं की तक्रार होती, मला आजतागायत कळलेलं नाही.

सुरुवातीच्या वर्षांत तिथे होतं काय? स्टेशनपासून चिखल. पावसाळ्यात लोक चपला हातात घेऊन स्टेशनपर्यंत यायचे आणि तिथे पाय धुऊन बूट घालायचे. नळाला पाणी रात्री दोनला. वहिनी म्हणायची, "मालगुंडला विहीर होती, इथे गजराचं घड्याळ आहे." वीज गेली की शेजारी गॅलरीत. पण त्या गॅलरीतच गाव तयार झालं. सगळेच नवे, सगळेच कर्जात, सगळ्यांचीच पोरं एका वयाची. मग शाळा उभ्या राहिल्या, वाचनालयं उभी राहिली. १९२४ साली उभं राहिलेलं गणेश मंदिर होतंच. पु. भा. भावे, शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक तिथे राहत होते. गुढीपाडव्याच्या ज्या शोभायात्रा आज गावोगाव निघतात त्यांची सुरुवात १९९९ साली डोंबिवलीतून झाली. २०१७ साली नव्वदावं साहित्य संमेलनही तिथे भरलं. थट्टा करणाऱ्यांनी ही वस्ती कोणी बांधली ते पाहावं. ती चपला हातात घेऊन चालणाऱ्या माणसांनी बांधली.

सगळ्यांनाच मात्र ते साधलं नाही, आणि हे सांगितल्याशिवाय पुढे गेलं तर इतिहास अर्धवट राहील. आमच्या वाडीतले गिरणीत असलेले लोक लालबाग-परळच्या खोल्यांत राहिले. चालत कामावर जाता येत होतं, पाळी सुटायची रात्री, त्यांना डोंबिवली कशी चालणार? १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि तो अखेर कधी रीतसर संपलाच नाही. त्यांतले कित्येक गावी परत आले, काहींनी खोली विकून आणखी लांब, दिव्याला, नालासोपाऱ्याला जागा घेतली. ज्याच्याकडे वेळेवर प्रॉव्हिडंट फंड, पतपेढी आणि कान धरून सांगणारा हेडक्लार्क होता, त्याला मालकी मिळाली. शेजारच्या घरातल्या, अण्णाच्याच वर्गात बसलेल्या मुलाला मिळाली नाही. कष्ट दोघांचे सारखेच.

आणि या सगळ्यात गाव रिकामं झालं. पूर्वी पुरुष जायचे, बायका-मुलं इथे असायची, म्हणून शाळा भरलेल्या असायच्या. ब्लॉक झाल्यावर बायका गेल्या, आणि बायका गेल्या की घर जातं. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला चौथीच्या एका वर्गात बेचाळीस मुलं होती, निवृत्त झाले तेव्हा अकरा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या चक्क घटली, आणि २०११ला तेव्हाचा ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाखांवर जाऊन देशात सर्वांत मोठा ठरला. आमच्या वर्गातले रिकामे बाक कुठे गेले ते मला बरोबर माहीत आहे.

आता आजचं. अण्णाची इमारत पन्नाशीला आली. तळमजला आणि तीन मजले, लिफ्ट नाही, सळया दिसायला लागल्या. वहिनी ऐंशीच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर. अण्णा २०१६ साली गेला. बारा सभासदांनी पुनर्विकास करायचं ठरवलं, आणि तेव्हा कळलं की इमारतीखालच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर संस्थेचं नावच नाही! १९६३चा कायदा सांगत होता की जमीन संस्थेच्या नावावर करून द्या, पण बिल्डरने ते कधी केलंच नाही, आणि ही कथा एकट्या आमच्या इमारतीची नाही, राज्यातल्या कितीतरी संस्थांची आहे. सातबाऱ्यावर अजून मूळ शेतकऱ्याचं नाव, आणि तो जाऊन त्याच्या वारसांची. पुतण्याने मोजली, एकोणीस. म्हणजे ज्या तेवीस नावांच्या गुंत्यातून सुटायला अण्णा निघाला होता, तो गुंता पन्नास वर्षं त्याच्या फरशीखाली होताच.

त्या वारसांनाही मी दोष देणार नाही. त्यांच्या आजोबांनी भाताचं खाचर तेव्हाच्या भावाने विकलं, आणि आज त्याच जागेवर कोट्यवधींच्या गोष्टी चालल्यात. त्यांना काय वाटत असेल ते खोती-कुळांच्या गावात वाढलेल्या मला कळू शकतं.

यावर उपाय म्हणून २००८ साली मोफात दुरुस्ती झाली. बिल्डर किंवा जमीनमालक सही करत नसेल तर संस्थेने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, ते सुनावणी घेऊन एकतर्फीसुद्धा जमीन संस्थेच्या नावावर करण्याचा आदेश देऊ शकतात. त्याला सरकारी मराठीत 'मानीव अभिहस्तांतरण' म्हणतात. (चाळीस वर्षं मराठी शिकवून मला हा शब्द एका दमात म्हणता येत नाही, मग लोकांनी अर्ज करावेत कसे?) अर्जाला लागतं काय, तर मंजूर नकाशा, सातबारा, सभासदांची यादी आणि सदनिकांचे नोंदणीकृत करार.

कागद किती जपावा लागतो ते डोंबिवलीनेच अलीकडे दाखवून दिलं. महापालिकेची बनावट परवानगी दाखवून, वर त्याच्या आधारे २०१६च्या कायद्याखालचा महारेराचा नोंदणी क्रमांकही मिळवून, उभ्या केलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०२४ साली त्या पाडण्याचा आदेश झाला. त्यात घरं घेतलेली माणसं अण्णासारखीच होती. त्यांनी तर कर्जही रीतसर काढलेलं. अण्णाला एक हेडक्लार्क भेटला, यांना संकेतस्थळावरचा क्रमांक भेटला.

तर पुतण्याला उत्तर असं की, तुझ्या बाबांनी दादरला घेतलं नाही कारण दादरला घ्यायची वेळ त्यांच्या जन्माआधीच होऊन गेली होती. त्यांना ३४०० भरून कल्याणला नोंदणी करता आली, तेवढी त्यांची वेळ होती.

बारापैकी सात जणांचे मूळ करार सापडत नाहीत. काहींनी ब्लॉक विकताना हरवले, काहींनी नोंदणीच केली नव्हती. आता कल्याणच्या नोंदणी कार्यालयातून जुन्या नकला काढण्याचं काम चाललंय. वहिनीचा करार मात्र आहे, पाच रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर टाईप केलेला, दोघांची नावं आणि भूखंडाचा क्रमांक स्वच्छ वाचता येणारा. सगळी संस्था तोच पाहून आपापली चतुःसीमा जुळवतेय. परवा फोनवर म्हणाली, "वन्सं, सुनावणीला मूळ कागद घेऊन मी स्वतः जाणार आहे. माझं नाव आहे त्याच्यावर. लिफ्ट नाही म्हणून दोन माणसं खुर्चीत बसवून खाली उतरवणार आहेत मला." तारीख पुढच्या महिन्यातली आहे.